कोऱ्या नळीतला उजेड

सोमवार, ४ मार्च

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

खर्रर्र-शूं, खर्रर्र-शूं. आठवतो का तुला हा आवाज? आपल्या चष्म्याच्या दुकानातल्या काच घासायच्या चाकाचा. पायाने पट्टी दाबायची, चाक फिरायला लागायचं, त्यावर काच टेकवली की आधी खर्रर्र व्हायचं आणि काच गुळगुळीत होत आली की नुसतं शूं. तू दीडेक वर्षाची असशील. दुपारभर किंचाळायचीस, म्हणून तर तुझं नाव टिटवी पडलं. तुझी आई कंटाळून तुला दुकानात आणायची आणि माझ्या पायाशी चटईवर टाकून जायची. चाक फिरलं की तू गप्प. चाक थांबलं की टिटवी सुरू. कित्येक दुपारी हातात काच नसताना मी नुसतंच चाक फिरवत बसलो आहे. गिऱ्हाइकं म्हणायची, "अहो, हवेला नंबर काढताय का?"

तोच आवाज परवा ऐकला. भिंगरीच्या प्रयोगशाळेत. तिथे एक भांडं आहे. त्यात रक्ताच्या नळ्या ठेवून झाकण लावतात आणि गरागरा फिरवतात, म्हणजे जड ते खाली बसतं आणि हलकं वर राहतं. सुरू होताना खर्रर्र, वेग आला की शूं. मी डोळे मिटून उभा राहिलो. भिंगरी म्हणाली, "आजोबा, चक्कर येतेय का?" म्हटलं, "नाही गं, तुझी आई झोपलीय, हळू बोल." तुझं नाव निघालं की ती गप्प होते, आणि मला कळत नाही की विषय बदलावा की तसाच धरून ठेवावा.

तू उत्तर देणार नाहीस हे मला ठाऊक आहे. "माझ्या मुलीला फितवलंत तुम्ही," हे तुझं फोनवरचं शेवटचं वाक्य. त्याला दोन वर्षं होत आली. बँकेतली चांगली नोकरी सोडून ती बॅग घेऊन माझ्या दारात उभी राहिली तेव्हा मी तिला "ये" म्हटलं. एवढंच माझं फितवणं. दारात आलेल्या नातीला आणखी काय म्हणतात हे मला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं. असो. भांडायला पत्र लिहीत नाही. तुझी मुलगी दिवसभर करते काय, हे तुला कोणीतरी सांगायला हवं, म्हणून लिहितो. तिला हे माहीत नाही.

तर ऐक. पेशीला साखर लागते, हे तुलाही माहीत असेल. पण ती किती खाते हे दिसणार कसं? मग या लोकांनी काय केलं, साखरेच्या कणाला एक चमकणारा तुकडा शेपटीसारखा चिकटवला. निळा प्रकाश टाकला की तो हिरवा चमकतो. पेशीला वाटतं साखरच आली. ती दार उघडते, आत घेते, वर शिक्काही मारते. पुढे मात्र ती साखर पचत नाही, आणि शिक्का बसल्यामुळे बाहेरही जाता येत नाही. अडकली. मग एक यंत्र एकेक पेशी निळ्या उजेडापुढून नेतं आणि कोणी किती गिळली ते सांगतं. म्हाताऱ्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींची भूक तरुणांपेक्षा कमी की जास्त, हे भिंगरीला पाहायचंय.

मी विचारलं, "म्हणजे तुम्ही पेशीला फसवता?"

"फसवत नाही, आजोबा. विचारतो."

"साखर देतो म्हणायचं आणि शेपटीवाली द्यायची, याला विचारणं म्हणतात?"

"आणि तुम्ही मला मधातून कडू औषध द्यायचात ते?"

त्या संध्याकाळी मी एक ओळ रचली. भुजंगप्रयात आहे, गण पाडून बघ, एक अक्षर हलणार नाही: उजेडास खाऊन पेशी निजेना. भिंगरी म्हणाली, "पेशी झोपत नसतात." म्हटलं, "मग 'निजेना' बरोबरच झालं की!" दुसरी ओळ मात्र सुचत नाही. आमचे मराठीचे मास्तर म्हणायचे की पहिली ओळ कोणालाही येते, कवी दुसऱ्या ओळीत ओळखावा. बाकावर उभं राहून य-मा-ता-रा-ज-भा-न म्हणणारा तो मुलगा अजून माझ्यात आहे, पण दुसऱ्या ओळीला तो पूर्वीही अडायचा.

अक्षर वाकडं येतंय आणि ओळी एकमेकींवर चढताहेत. कागद बिनरेघी आहे म्हणून. जावईबापूंना नमस्कार. तुमच्या लग्नाला तीस वर्षं झाली, पण त्यांच्या-माझ्यात हवापाण्यापलीकडे बोलणं गेलेलं नाही. माणूस अबोल आणि मी बडबड्या. मेळ बसायचा कसा?

तुझे,
बाबा


शुक्रवार, १५ मार्च

चि. टिटवीस,
आशीर्वाद.

मी रक्त दिलं. घाबरू नकोस, चहाचा कपही भरला नसता.

झालं असं की भिंगरीला म्हातारे मिळेनात. तरुण खंडीभर आहेत. विद्यार्थी काय, एका सँडविचवर बाही वर करतात. म्हाताऱ्यांपैकी कोणाला साखरेचा आजार, कोणी मूठभर गोळ्यांवर जगतंय, कोणी सुई म्हटली की जिन्यावरूनच परत. मला आजार नाही, गोळ्या नाहीत. घरातच रत्न सापडलं तिला.

तिच्या वरच्या ज्या बाई आहेत, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. अंगाने एवढ्याशा आहेत. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि भिंगरीला म्हणाल्या, "नातेवाईक नकोत, असं मी सांगितलं होतं."

"नळीवर नाव नसतं, मॅडम. नुसता आकडा असतो."

"आकड्याला आजोबा नसतो, हे तुझ्या हातालाही कळायला हवं." अशा बोलतात. पण मला बसायला खुर्ची त्यांनीच ओढून दिली.

रक्त काढणाऱ्या मुलीने विचारलं, "आजोबा, एवढ्यात काही औषध? इंजेक्शन? कुठली तपासणी?" भिंगरी शेजारीच माझी बाही धरून उभी होती. मी म्हटलं, "चहा." सगळे हसले आणि ते तिथेच मिटलं.

मग मला एका कोपऱ्यात बसून बघायची परवानगी मिळाली. पेशींना आधी उपाशी ठेवतात, साखर नसलेल्या पाण्यात. मग खोली अंधारी करून ती शेपटीवाली साखर देतात, कारण उजेडात तिची चमक विटते. नळ्यांना चंदेरी कागद गुंडाळलेला. सगळे चिडीचूप. शेवटी बर्फासारख्या गार पाण्याने धुतात, म्हणजे आत गेली ती आत राहते आणि बाहेर चिकटलेली निघून जाते. प्रत्येक माणसाची एक कोरी नळीही असते. पेशी त्याच, उपास तोच, धुणं तेच, फक्त चमकणारी साखर नाही. ती यंत्रात काळीच दिसायला हवी.

"कोरी कशाला ठेवायची?" मी कुजबुजलो.

"खोटं पकडायला."

"कोणाचं?"

"माझं," भिंगरी म्हणाली. अंधारात तिचा चेहरा दिसला नाही. तुझ्यासारखं बोलली, एवढं कळलं.

आदल्या संध्याकाळी तिने मला विचारलं होतं, "आजोबा, तुम्ही पिवळे का दिसताय?" मी म्हटलं, जुन्या पुस्तकाची पानं कधी पांढरी पाहिलीस का? त्या दिवशी मी जरा डोळ्यांच्या दवाखान्याकडे गेलो होतो. सहजच. तळमजल्यावर फ्रेमचं दुकान आहे, तो फ्रेमवाला ओळखीचा. आम्ही दोघांनी आजकालच्या काड्या किती तकलादू निघतात यावर तासभर शोक केला आणि मी घरी आलो.

बाकी ठीक.

बाबा


शनिवार, २३ मार्च

चि. टिटवीस,

कोरी नळी चमकली.

माझ्याच रक्ताची. जिच्यात साखर घातलीच नव्हती, ती हिरवी चमकली. यंत्र सांभाळणारा एक पोक्त गृहस्थ आहे, सारखा जांभया देतो म्हणून त्याचं नावच जांभई. तो म्हणाला, "यंत्र ठणठणीत आहे. बाकीच्यांच्या कोऱ्या नळ्या कोळशासारख्या आहेत. हिचीच बिनसलीय." मग भिंगरीने माझं पुन्हा रक्त घेतलं. सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी कोरी नळी काळी.

मला वाटलं, चला, सुटलो. तर उलटंच! मोठ्या बाई म्हणाल्या, "एकदा चमकते, एकदा नाही. नळीत भूत शिरलंय का?"

"मी साखर घातली नव्हती, मॅडम."

"नव्हती घातली, तर चमकलं काय? तुझा आत्मविश्वास?"

मी दारात डबा घेऊन उभा होतो. परत फिरावं की आत जावं, कळेना. बाई पुढे म्हणाल्या, "वर्षभर तू जे जे चमकलं ते साखर म्हणून मोजलंस. आता त्यातली साखर किती आणि तुझ्या हाताचा गलथानपणा किती, हे मला कोण सांगणार? दहा तारखेला समितीसमोर मी काय म्हणू? बहुतेक साखर?"

दहा एप्रिलला समिती बसणार आहे. भिंगरीला आणखी दोन वर्षं द्यायची की इथेच थांबवायचं, हे ती ठरवणार.

तेव्हापासून पोर घरात सावलीसारखी वावरते. काल पाव भाजायला ठेवला आणि जळेपर्यंत त्याच्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "आजोबा, मीच घातली असेन. थकले होते. हात गेला असेल आणि लक्षात नसेल."

"तुला तसं आठवतंय का?"

"नाही. पण दुसरं काही असूच शकत नाही ना." आणि थोड्या वेळाने, "गेलं तर गेलं. आईकडे जाईन. बँकवाले घेतील परत."

हे तुला कळवावं की नाही, यावर मी सकाळभर विचार केला. तुला हेच हवं होतं ना? मी रागाने विचारत नाही. खरंच विचारतो. ती तुझ्याकडे आली, पण स्वतःच्या हातावरचा विश्वास इथे ठेवून आली, तर चालेल तुला?

मला यातलं काही समजत नाही. मी त्या नळीकडे स्वतः पाहिलं. नुसत्या डोळ्यांना ती पाण्यासारखी होती.

बाबा


मंगळवार, २ एप्रिल

टिटवे,

पहिल्या पत्रात कागद बिनरेघी आहे असं लिहिलं होतं. कागद रेघांचाच आहे. मला रेघाच वाकड्या दिसतात. दाराची चौकट मध्येच पोट आत घेते. माणसाकडे सरळ पाहिलं की त्याच्या नाकाच्या जागी धुरकट ठिपका असतो. हे गेल्या पावसाळ्यापासून. उजवा डोळा तर लहानपणापासून अधू, हे तुला माहीतच आहे. हा डावा. आयुष्यभर लोकांना "खालची ओळ वाचा" म्हणत आलो, आणि आता कोणी मला ती वाचायला सांगू नये म्हणून मी चौदा मार्चला गुपचूप दवाखान्यात गेलो. फ्रेमवाल्याकडे गेलो ते नंतर.

आज पुन्हा गेलो, निकाल ऐकायला. डोळ्यांची डॉक्टरीण पोरगेलीशी आहे, भरभर बोलते. पडद्यावर माझ्या डोळ्याच्या आतले फोटो लावले. काळ्या जमिनीवर पांढऱ्या फांद्या, आणि मधोमध एक फुटल्यासारखा डाग. मला ते झाड सुंदर वाटलं. तसं म्हणालोही.

ती म्हणाली, "सुंदर नाही, आजोबा. या डागातून पाणी झिरपतंय. त्या दिवशी दंडातून पिवळं औषध सोडलं होतं ना? ते निळ्या प्रकाशात हिरवं चमकतं. कॅमेरा तेवढंच टिपतो, म्हणून गळती कुठे आहे ते कळतं."

"निळ्या प्रकाशात काय होतं?"

"हिरवं चमकतं."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. "ते अंगात किती वेळ राहतं?"

"एक-दोन दिवस. लघवी पिवळीजर्द झाली असेल की."

"झाली होती. आणि रक्तात?"

"रक्तातूनच तर डोळ्यापर्यंत जातं. विमानाने थोडंच जाईल?"

चौदाला औषध, पंधराला सकाळी रक्त. टिटवे, नळीत भूत नव्हतं. मी होतो.

डॉक्टरीण पुढे बरंच बोलली. डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल. लवकर. दहा एप्रिलला सकाळी जागा आहे, त्यानंतर थेट मेमध्ये, आणि तोवर हा डोळा थांबेल याची खात्री नाही. पट्टी बांधून घरी पाठवतात, म्हणून सोबत घरचं माणूस हवं. माणूस नसेल तर सुई नाही, असा त्यांचा नियम आहे. मी मान हलवली. दहा एप्रिल, दहा एप्रिल, असं म्हणत जिना उतरलो आणि खाली आल्यावर हा आकडा आधी कुठे ऐकला ते आठवलं.

आता माझं डोकं चालेनासं झालंय. गप्प राहिलो, तर समिती नाही म्हणेल, भिंगरी तुझ्याकडे येईल, तुझी मुलगी तुला मिळेल, आणि माझ्या डोळ्यांचं कोणाला कळणार नाही. बोललो, तर तिच्या हातावरचा डाग पुसला जाईल. पण मग तिला कळेल की आजोबा आंधळे होताहेत. तिचा स्वभाव तुला माहीत आहे. नळ्या टाकून माझा हात धरून बसेल. म्हणजे बोलूनही तिचं काम बुडणारच. इकडे आड तिकडे विहीर, आणि मधल्या पायवाटेवर मला नीट दिसत नाही.

तू असतीस तर काय केलं असतंस? हा प्रश्न पत्राच्या शोभेसाठी घातलेला नाही.

बाबा


शुक्रवार, ५ एप्रिल

चि. टिटवीस,

तुझ्या उत्तराची वाट पाहिली असती तर दहा तारीख उलटून गेली असती. म्हणून मीच निघालो.

परवा आधी मोठ्या बाईंकडे गेलो. मला वाटलं, त्यांना कारण सांगावं, त्यांनी भिंगरीला मोकळं करावं आणि डोळ्याचा विषय त्यांच्या खोलीतच राहावा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. डावी काडी सैल झाली होती, मला राहवलं नाही, मी ती सरळ करत बसलो.

"आजोबा," त्या म्हणाल्या, "तुम्ही माझे तीन आठवडे खाल्लेत."

"आता शिक्काही मारा म्हणजे बाहेर जाता येणार नाही."

त्या हसल्या नाहीत. उठून दवाखान्यात फोन केला, ते पिवळं औषध थोडंसं मागवलं, जांभईला बसवलं आणि त्याचंच रक्त काढलं. तो बिचारा "मी काय केलं? मी काय केलं?" म्हणत राहिला. त्याच्या पेशींना थेंबभर औषध पाजून, धुऊन, यंत्रातून काढलं. साखर नव्हतीच. थोडं, पण हिरवं चमकलं. बाई पडद्यासमोरून हलेनात. मग स्वतःशीच म्हणाल्या, "मुलीचा हात साफ आहे."

"हे तिला सांगाल ना?"

"हात साफ आहे, हे मी सांगेन. का साफ आहे, ते तुम्ही सांगायचं. आजच्या आज. नाहीतर तिला वाटेल मी दया दाखवली, आणि दया घेऊन ती समितीपुढे उभी राहणार नाही." मी निघालो तेव्हा त्या खाली बघूनच म्हणाल्या, "मी तिला नको ते बोलले. ते माझं मी बघते."

संध्याकाळी भिंगरी बटाटे सोलत होती. मी एका दमात सांगून टाकलं. आधी ती खो-खो हसली. "म्हणजे आजोबा, तुम्हीच नळी होतात!" सुरी हातात धरून हसत होती, आणि हसता हसता थांबली. "पण ते औषध तुम्हाला दिलं कशाला?"

"तपासणी गं. नेहमीची."

"डोळ्यांना काय झालंय?"

"वयाचं आहे."

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि हात वर केला. "किती बोटं?"

मी अंदाज बांधला. "तीन."

"मी मूठ मिटलीय, आजोबा."

मग जे झालं ते लिहवत नाही. ओरडली माझ्यावर. "नळीचं मरू दे! वर्षभराचं काम मरू दे! बसचा नंबर विचारायचात मला, मी समजत होते की तुम्हाला माझ्याशी बोलायचं निमित्त हवंय!" खरं सांगू? दोन्ही होतं.

आता तिढा असा. ती म्हणते, दहाला मी तुमच्याबरोबर येणार. मी म्हणतो, दहाला तुझी समिती. ती म्हणते, समिती पुन्हा बसेल. मी म्हणतो, बसणार नाही, मोठ्या बाईंनीच सांगितलंय, या वेळी नाही तर नाही. ती म्हणते, डोळाही या वेळी नाही तर नाही. फ्रेमवाला बाहेरगावी निघालाय. वरच्या मजल्यावरच्या आजी माझ्याहून आंधळ्या. मोठ्या बाई आणि जांभई दोघंही त्या दिवशी तिच्याच कामात हवेत. दोन दिवस झाले, आम्ही एका टेबलाशी जेवतो आणि एकमेकांची मनं वळवायचा प्रयत्न करतो. हा हट्ट तिच्यात कुठून आला ते लिहीत नाही, तुला राग येईल.

मी तिच्यासाठी बोललो आणि आता माझ्याचमुळे तिचं बुडतंय. बोललो ते चुकलं का? तू सांगणार नाहीस. विचारून ठेवतो.

बाबा


मंगळवार, ९ एप्रिल, संध्याकाळ

चि. टिटवीस,

जाड पेनने लिहितोय, एका पानावर पाच-सहाच ओळी बसताहेत. टपालाचं वजन वाढेल.

दुपारी भिंगरीने उद्याचे कपडे इस्त्रीला काढले. मला बरं वाटलं. मग पाहिलं तर दवाखान्यात जायचे साधे कपडे. मी तिची समितीची पानं दाराजवळच्या खुर्चीवर ठेवली. तिने ती उचलून कपाटात टाकली आणि खुर्चीवर माझी दवाखान्याची फाइल ठेवली. मी फाइल उशीखाली सरकवली. तिने उशी झटकली. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, घरात काय गंमत चाललीय.

शेवटी मी म्हणालो, "तू समितीला गेली नाहीस तर मी सुई घेणार नाही. रिकामीच परत येशील."

"तुम्ही सुई घेतली नाहीत तर मी समितीला गेले काय आणि नाही काय, मला एक शब्द फुटणार नाही."

मग ती मोठ्या बाईंना आपण येत नाही असं सांगायला गेली. फोनवर सांगणं बरं दिसत नाही म्हणून स्वतः गेली. मी खिडकीतून तिला जाताना पाहिलं. म्हणजे तिच्या चालीचा अंदाज पाहिला. तुझ्या आईची चाल आहे, खांदा एका बाजूला टाकून.

इतकी वर्षं मी समजत होतो की माणसाने आपलं दुखणं झाकून ठेवलं की दुसऱ्याचं ओझं कमी होतं. आता वाटतं, असं नसावं. पण मग काय असावं, तेही उमगत नाही. उघडं केलं तर हे असं झालं. मास्तर असते तर म्हणाले असते, अन्वय लाव आधी, मग अर्थ विचार. अन्वयच लागत नाही, मास्तर.

ती येईल एवढ्यात. बाईंनी तिला काही समजावलं असेल तर बरं. नसेल तर मी पहाटेच उठून कुठेतरी निघून जायचं ठरवलंय, म्हणजे तिला घेऊन जायला आजोबाच उरणार नाही. कुठे जायचं आणि रस्ता कसा दिसायचा, याचा विचार अजून

दार वाजतंय. भिंगरीकडे तर किल्ली असते. थांब.

जावईबापू आहेत.

एकटेच. अंगावर प्रवासाने चुरगळलेला कोट, हातात लहानशी बॅग. मला चेहरा नीट दिसला नाही, खोकल्यावरून ओळखलं. मी विचारलं, "टिटवी?"

ते म्हणाले, "ती नाही आली." मग उंबऱ्याबाहेरूनच बोलू लागले. इतकं बोलायची त्यांना सवय नाही, शब्द वेचून वेचून काढत होते. "ती तुमची पत्रं उघडत नाही. कपाटावर ठेवून देते. मी उघडतो, हे तिला माहीत आहे. शुक्रवारचं पत्र काल आलं. ते मी मोठ्याने वाचलं. ती भांडी घासत होती. अर्ध्यात तिने नळ बंद केला."

"आणि?"

"संपेपर्यंत चालू केला नाही." त्यांनी बॅग वर धरून दाखवली. "ही तिने भरलीय. उद्या किती वाजता निघायचं?"

मी म्हटलं, "आत या."